‘निम्न श्रेणी’ची संकल्पना : मेंदूच्या अर्बुदांच्या वर्गीकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : मेंदूतील अर्बुदाच्या अहवालात ‘निम्न श्रेणी’ हे शब्द दिसले की रुग्णाच्या कुटुंबास दिलासा वाटतो. हा दिलासा कितपत रास्त आहे, हे समजण्यासाठी त्या शब्दांचा इतिहास पाहावा लागतो. प्रस्तुत लेखात ग्लायोमा गटातील अर्बुदांच्या संदर्भात हा विचार केला आहे.

वर्गीकरणाचे दोन प्रश्न : ‘ग्लायोमा’ हे नाव १८६० च्या दशकात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी रूढ केले. १९२६ मध्ये अमेरिकेत पर्सिव्हल बेली व हार्वे कुशिंग यांनी या गटाचे पद्धतशीर वर्गीकरण प्रसिद्ध केले. अर्बुदातील पेशी भ्रूणविकासाच्या कोणत्या अवस्थेतील पेशीशी जुळतात, यावरून त्यांनी प्रकार ठरविले. त्यांचा प्रश्न होता : अर्बुद कोणत्या जातीचे? १९४९ मध्ये मेयो क्लिनिकचे जेम्स कर्नोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकारांची संख्या घटवून घातकतेच्या चार श्रेणी मांडल्या. त्यांचा प्रश्न होता : अर्बुद किती घातक? जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ च्या वर्गीकरणात जाती व श्रेणी या दोहोंना स्थान दिले.

तथापि, ‘निम्न श्रेणी’ या एका नावाखाली दोन भिन्न व्याधी एकत्र आल्या. प्रथम श्रेणीचा पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा प्रामुख्याने मुलांमध्ये आढळतो. तो बहुधा मर्यादित राहतो आणि शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढता आल्यास रुग्ण बरा होऊ शकतो. द्वितीय श्रेणीचा पसरणारा अ‍ॅस्ट्रोसायटोमा मात्र निरोगी ऊतींत शिरतो आणि कालांतराने उच्च श्रेणीत परिवर्तित होऊ शकतो.

सूक्ष्मदर्शकापलीकडे : २००८ मध्ये ग्लायोमातील आयडीएच-१ जनुकाचे उत्परिवर्तन उजेडात आले. २०१६ मध्ये अशा जनुकीय निकषांना अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळाले. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीने प्रथम जात निश्चित करून त्या जातीच्या अंतर्गत श्रेणी देण्याची पद्धत स्वीकारली. परिणामी, सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य भासणाऱ्या आयडीएच-उत्परिवर्तित अ‍ॅस्ट्रोसायटोमात सीडीकेएन-२ए जनुकाच्या दोन्ही प्रती नष्ट झालेल्या आढळल्यास त्याची गणना चतुर्थ श्रेणीत होते.

समारोप : बेली-कुशिंग यांचा प्रश्न अशा रीतीने नव्या साधनांसह पुन्हा अग्रस्थानी आला आहे. वर्गीकरण हे केवळ नामकरण नसते. थांबून निरीक्षण करावे की त्वरित उपचार करावेत, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. म्हणूनच जातीच्या उल्लेखाविना ‘निम्न श्रेणी’ हे निदान अपुरेच म्हणावे लागेल.