स्त्रीगर्भहत्या-विरोधी धर्मप्रबोधन : परभणी जिल्हा

गर्भलिंगनिदान करून स्त्रीगर्भ नष्ट करण्याच्या प्रथेविरुद्ध धर्मग्रंथ, संतवाङ्मय, कीर्तन-प्रवचने व धर्मसंस्था यांच्याद्वारे केले जाणारे लोकशिक्षण. कायदा दंडाच्या भयावर विसंबतो, तर असे प्रबोधन श्रद्धेवर व लोकमतावर. मराठवाड्यातील परभणी जिल्हा या विषयाच्या दृष्टीने दोन कारणांनी लक्षणीय ठरतो : एक, तेथे मुलींच्या प्रमाणात झालेली घट आणि दोन, संत जनाबाई व संत नामदेव यांच्याशी निगडित असलेली तेथील वारकरी परंपरा.

लोकसंख्याविषयक पार्श्वभूमी : २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ असून दर हजार पुरुषांमागे ९४७ स्त्रिया होत्या. ० ते ६ वयोगटात मात्र दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९२३ वरून २०११ मध्ये ८८४ वर आली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ती ८९४ वरून ८०७ पर्यंत घसरली. नैसर्गिक स्थितीत जन्माच्या वेळी हे प्रमाण सामान्यतः ९५० च्या आसपास असते. ही तूट केवळ दारिद्र्यामुळे वा अज्ञानामुळे उद्भवली, असे म्हणता येत नाही. लहान कुटुंबाची इच्छा, हुंडा, जमिनीच्या वारशाची चिंता व सोनोग्राफीची सुलभता ही कारणे तीमागे एकवटली आहेत.

कायदेशीर प्रयत्न : स्त्री-बालहत्येविरुद्ध धर्माचा आधार घेण्याचे प्रयत्न इंग्रजी अमदानीच्या आरंभापासून आढळतात. बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने १७८९ मध्ये राजकुमार राजपुतांकडून जो करार लिहून घेतला, त्यात ब्रह्मवैवर्तपुराणाचा दाखला दिला होता. पुढे कर्नल वॉकर याने काठेवाडातील जाडेजांकडून १८०८ च्या सुमारास असेच करार करविले. त्यांचा परिणाम मर्यादित राहिला व अखेर १८७० मध्ये स्त्री-बालहत्या प्रतिबंधक कायदा करावा लागला. गर्भजलपरीक्षेचा दुरुपयोग सुरू झाल्यानंतर मुंबईतील स्त्रीसंघटनांच्या चळवळीमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील या विषयावरचा पहिला कायदा संमत केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये होऊन १९९६ पासून अंमलात आला आणि २००३ मध्ये गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तथापि परभणी जिल्ह्यातील गंगाखेडपासून जवळच असलेल्या परळी येथे २०१२ मध्ये गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाल्यावर, कायदा असतानाही हा व्यवहार कसा चालू होता हे उघड झाले.

धर्मग्रंथांतील भूमिका : प्रमुख धर्मपरंपरांत या प्रथेच्या निषेधाला आधार सापडतो. कुराणात जिवंत पुरलेल्या मुलीला अंतिम न्यायाच्या दिवशी तिच्या वधाचे कारण विचारले जाईल, असे सांगितले आहे. संयुत्तनिकायात कन्याजन्मामुळे खिन्न झालेल्या पसेनदी राजाला, कन्या ही पुत्राहूनही श्रेष्ठ निघू शकते, असा बुद्धाचा उपदेश आहे. शीख आचारसंहितेने कन्याहत्या करणाऱ्यांशी संबंध निषिद्ध मानला असून २००१ मध्ये अकाल तख्ताने स्त्रीगर्भहत्येविरुद्ध हुकूमनामा काढला. २००५ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्या पुढाकाराने विविध धर्मांच्या प्रतिनिधींनी टंकारा ते अमृतसर अशी यात्रा केली.

हिंदू धर्मशास्त्राची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. भ्रूणहत्या हे तेथे घोर पातक असून मनुस्मृतीत लिंग अज्ञात असलेल्या गर्भाच्या हत्येला ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे. पण गर्भाचे लिंग ज्ञात असल्यास प्रायश्चित्त त्या-त्या लिंगाच्या वधाप्रमाणे ठरते, असे टीकाकारांचे विवेचन आहे. म्हणजे गर्भाला मिळणारे पूर्ण संरक्षण त्याच्या अज्ञाततेवर अवलंबून होते आणि नेमकी ती अज्ञातताच आधुनिक यंत्राने संपुष्टात आणली. शिवाय पुंसवन संस्कार, पिंडदान व पुत्राकडून होणारी अंत्येष्टी यांमुळे पुत्रेच्छेला धर्माचेच पाठबळ मिळत आले. त्यामुळे केवळ पापाचे भय घालणारे प्रबोधन अपुरे पडते. कन्येचे मोल सांगणे हा त्याचा गाभा असावा लागतो.

परभणीची संतपरंपरा : कन्येचे हे मोल सांगणारी सामग्री जिल्ह्याच्या परंपरेत विपुल आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या या शूद्र स्त्रीने अभंगरचना केली व संतमंडळात मानाचे स्थान मिळविले. स्त्रीजन्माबद्दल खंत न करण्याचा विचारही तिच्या नावावरील अभंगात आढळतो. नामदेवांचे नरसी हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. नंतर ते नव्या हिंगोली जिल्ह्यात गेले. त्यांच्या घरातील गोणाई, राजाई, लाडाई, आऊबाई व लिंबाई या स्त्रियांच्या नावेही अभंग मिळतात.

या परंपरेचे जिवंत माध्यम म्हणजे कीर्तन. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वेगवेगळे कीर्तनकार निरूपण करतात आणि सासू, सासरे, सून व मुलगा एकाच मंडपात बसून ते ऐकतात. गर्भाविषयीचा निर्णय बहुधा वडीलधाऱ्यांच्या दडपणाखाली होत असल्याने ही गोष्ट महत्त्वाची आहे; आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकाला जे साधत नाही, ते येथे साधू शकते. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखीही परभणी-गंगाखेड मार्गाने जाते.

मर्यादा : हेच व्यासपीठ उलट दिशेनेही वापरले जाऊ शकते. सम तिथीस पुत्र व विषम तिथीस कन्या ही मनुस्मृतीतील समजूत कीर्तनातून सांगितल्याबद्दल २०२० मध्ये महाराष्ट्रात एका लोकप्रिय कीर्तनकाराविरुद्ध लिंगनिवडविरोधी कायद्याखाली प्रकरण उभे राहिले. दुसरी मर्यादा भाषेची आहे. ‘भ्रूणहत्या’ या शब्दातून सर्वच गर्भपात पाप असल्याचे सूचित होते. परंतु १९७१ च्या कायद्याने विशिष्ट परिस्थितीत गर्भपात वैध ठरविला आहे. स्त्रीसंघटना म्हणूनच ‘लिंगनिवड’ हा शब्द पसंत करतात. निषेध गर्भपाताचा नसून मुलगी म्हणून तो करण्याचा आहे, हा विवेक सुटल्यास प्रबोधनाचा भार पुन्हा स्त्रीवरच पडतो.

तिसरी मर्यादा आचाराची आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. मात्र बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यावे, ही अपेक्षा अजून रूढ आहे. मुलीला जमिनीत वाटा, आई-वडिलांच्या अंत्यविधीचा अधिकार व हुंड्याविना विवाह या तीन गोष्टी आचारात उतरतील, तेवढ्याच प्रमाणात व्यासपीठावरील उपदेशाला अर्थ राहील. जनाबाईंच्या जन्मभूमीत त्यांच्या अभंगांचे गायन कधी खंडित झाले नाही. मुलींची संख्या मात्र घटत गेली. पूज्यभाव आणि आचार यांतील हे अंतर कमी करणे, हेच या प्रबोधनाचे खरे कार्य होय.