मानवी हक्कविषयक माहितीपट महोत्सव : इतिहासाच्या अध्ययनाची एक संधी
(मुंबईतील 'विकल्प' महोत्सव, २००४ च्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९५ ते २००४ हे दशक 'मानवी हक्क शिक्षण दशक' म्हणून घोषित केले होते. भारतात १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग अस्तित्वात आला, तर महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचे कामकाज २००१ मध्ये सुरू झाले. याच काळात विद्यापीठीय अभ्यासक्रमांत मानवी हक्क हा विषय हळूहळू समाविष्ट होत गेला. तथापि बहुसंख्य महाविद्यालयांत या विषयाचे अध्यापन जाहीरनाम्यातील कलमे, आयोगाची रचना आणि १० डिसेंबरचे व्याख्यान एवढ्यापुरतेच मर्यादित राहिले. हक्क म्हणजे काय हे विद्यार्थ्यास सांगता येते; परंतु एखादा हक्क कोणी मागितला, कोणी नाकारला आणि तो मान्य होण्यास किती वर्षे लागली, हे त्यास सांगता येत नाही. म्हणजेच हक्कांची व्याख्या त्याच्यापर्यंत पोहोचते, हक्कांचा इतिहास पोहोचत नाही.

माहितीपट महोत्सव ही उणीव काही अंशी भरून काढू शकतो. मात्र त्यासाठी माहितीपट हा केवळ डोळे ओलावणारा अनुभव न राहता ऐतिहासिक साधन म्हणून हाताळला गेला पाहिजे. माहितीपटाचा आशय जितका महत्त्वाचा, तितकाच तो दाखवला जाण्याचा किंवा न जाण्याचा इतिहासही महत्त्वाचा आहे, ही प्रस्तुत निबंधातील मुख्य भूमिका आहे.

माहितीपट : प्रसिद्धीपासून साक्षीपर्यंत

भारतातील वास्तवचित्रणाची परंपरा मुंबईतच सुरू झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईतील कुस्तीचा सामना आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचा प्रसंग चित्रित केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी शासकीय वार्तापट वा अनुबोधपट दाखवणे सक्तीचे झाले. या संस्थेने काही प्रयोगशील दिग्दर्शकांनाही वाव दिला, हे मान्य करावयास हवे. तरीही अनुबोधपट म्हणजे धरणे, कारखाने व योजना यांची माहिती, हाच समज सर्वसामान्य प्रेक्षकांत रुजला.

या समजास छेद देणारा प्रवाह आणीबाणीच्या काळात ठळक झाला. बिहारमधील आंदोलनावरील 'वेव्हज ऑफ रेव्होल्यूशन' (१९७५) आणि राजकीय कैद्यांवरील 'जमीर के बंदी' (१९७८) हे आनंद पटवर्धन यांचे माहितीपट शासनाच्या अर्थसाहाय्याविना निर्माण झाले. तपन बोस यांनी भागलपूर येथे कैद्यांचे डोळे फोडण्याच्या प्रकारावर 'ॲन इंडियन स्टोरी' (१९८१) हा माहितीपट केला. येथून माहितीपटाचे कार्य बदलले. तो शासनाच्या वतीने नागरिकास माहिती देणारा राहिला नाही, तर नागरिकाच्या वतीने शासनासमोर साक्ष देणारा झाला. साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. वर्गातील अध्यापनाची सुरुवातही याच ठिकाणी होते.

न्यायालयासमोर माहितीपट

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या भारतीय इतिहासात माहितीपटांनी बजावलेली भूमिका अभ्यासक्रमांत फारशी आढळत नाही. वास्तविक चित्रपट परिनिरीक्षणाची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयासमोर प्रथम सविस्तरपणे आली ती ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका लघुमाहितीपटामुळे. मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली या चार शहरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारी शेजारी दाखवणाऱ्या या माहितीपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवर परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतला होता. सुनावणी चालू असतानाच शासनाने काटछाटीशिवाय प्रमाणपत्र देण्याची तयारी दर्शवली. परंतु अब्बास यांनी मूळ तत्त्वाचाच निर्णय मागितला. १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरिनिरीक्षण घटनाबाह्य ठरवले नाही. मात्र निकष अधिक स्पष्ट असावेत आणि अपिलाची स्वतंत्र व्यवस्था असावी, ही गरज मान्य केली. पुढे स्थापन झालेले चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द करण्यात आले आणि निर्मात्यांना पुन्हा उच्च न्यायालयाचा मार्ग उरला, हा या कथेचा अलीकडचा भाग होय.

भोपाळ वायुदुर्घटनेवरील 'बियाँड जेनोसाइड' या पुरस्कारप्राप्त माहितीपटाचे प्रक्षेपण करण्यास दूरदर्शनने नकार दिला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नकार अमान्य करून प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा केला. पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' (२००२) या अण्वस्त्रविरोधी माहितीपटास मंडळाने अनेक काटछाटी सुचवल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २००३ मध्ये तो अखंड स्वरूपात प्रदर्शित होऊ शकला. या तिन्ही प्रकरणांचे निकालपत्र आणि संबंधित चित्रपट एकत्र अभ्यासल्यास राज्यघटनेचे कलम १९ हे परीक्षेतील टिपेचा विषय न राहता एका प्रत्यक्ष वादाचा विषय बनते.

'विकल्प' : २००४

मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हा माहितीपट, लघुपट व ॲनिमेशनपटांचा महोत्सव १९९० पासून फिल्म्स डिव्हिजनच्या वतीने भरत आला. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारानंतर त्या विषयावर अनेक स्वतंत्र माहितीपट तयार होत होते. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले. परदेशी चित्रपटांना मात्र ही अट नव्हती. देशभरातील माहितीपटकारांनी संघटितपणे विरोध केल्यावर ही अट मागे घेण्यात आली. परंतु निवड जाहीर झाली तेव्हा राजकीय व सामाजिक प्रश्नांना थेट हात घालणारे अनेक चित्रपट वगळले गेल्याचे दिसून आले. वगळलेल्यांत गुजरातमधील हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' हा माहितीपटही होता. त्याच फेब्रुवारी महिन्यात बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. भारतात मात्र परिनिरीक्षण मंडळाने त्यास आधी मनाई केली आणि २००४ च्या अखेरीस प्रमाणपत्र दिले.

निवड न झालेल्या चित्रपटांच्या निर्मात्यांनी व त्यांना पाठिंबा देणाऱ्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २००४ मध्येच प्रभादेवी येथील भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प : फिल्म्स फॉर फ्रीडम' हा समांतर महोत्सव भरवला. निवड झालेल्या काही दिग्दर्शकांनी शासकीय महोत्सवातून आपले चित्रपट काढून घेतले व ते येथे दाखवले. पुढे हे चित्रपट अन्य शहरांतही दाखवले गेले आणि मुंबईत 'विकल्प ॲट पृथ्वी' या नावाने नियमित प्रदर्शनांचा उपक्रम चालला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने 'विकल्प'चे महत्त्व असे की, येथे एकाच शहरात, एकाच महिन्यात दोन निवडयाद्या तयार झाल्या. या दोन याद्या समोरासमोर ठेवल्या म्हणजे निवड हीच एक ऐतिहासिक कृती असते, हे विद्यार्थ्यास वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दप्तरखान्यात कोणते कागद जपले जातात आणि कोणते नष्ट होतात, हा इतिहासलेखनाचा जुनाच प्रश्न येथे नव्या रूपात भेटतो. अर्थात 'विकल्प'च्या यादीचीही हीच तपासणी व्हावयास हवी. विरोधातून जन्मलेली यादी तेवढ्यानेच निःपक्षपाती ठरत नाही, हेही विद्यार्थ्याने शिकणे आवश्यक आहे.

हा प्रश्न २००४ सोबत संपला नाही. २०१७ मध्ये केरळमधील आंतरराष्ट्रीय माहितीपट व लघुपट महोत्सवासाठी निवडलेल्या तीन चित्रपटांना केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने परिनिरीक्षणातून सूट नाकारली. रोहित वेमुला प्रकरण, जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील विद्यार्थी आंदोलन आणि काश्मीर हे त्यांचे विषय होते. तिन्हींपैकी दोन विषय थेट विद्यापीठीय जीवनाशी निगडित असावेत, ही बाब महाविद्यालयीन अध्यापकाने नोंद घेण्याजोगी आहे.

प्राग येथील दाखला

चेक प्रजासत्ताकात 'पीपल इन नीड' या स्वयंसेवी संस्थेने १९९९ मध्ये प्राग येथे 'वन वर्ल्ड' हा मानवी हक्कविषयक माहितीपट महोत्सव सुरू केला. साम्यवादी राजवट संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. २००१ मध्ये या महोत्सवास जोडून शाळांसाठी स्वतंत्र उपक्रम आरंभण्यात आला. त्यातील 'अन्यायाच्या कथा' या अर्थाचे नाव असलेला भाग इतिहासाच्या अध्यापकांना विशेष उद्बोधक वाटावा. दर नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांना साम्यवादी काळातील दडपशाहीवरील चित्रपट दाखवला जातो आणि त्यानंतर त्या काळाचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेली व्यक्ती वा इतिहासतज्ज्ञ वर्गात येऊन विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. चित्रपट, साक्षीदार आणि प्रश्न यांची ही सांगड मौखिक इतिहासाच्या पद्धतीशी जुळणारी आहे. ती भारतीय महाविद्यालयांस अपरिचित वा खर्चिक नाही.

अध्यापनातील उपयोजन

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरवता येईल, हे मुंबईशी निगडित दोन माहितीपटांच्या आधारे पाहता येते. 'हमारा शहर' (१९८५) हा पटवर्धन यांचा माहितीपट मुंबईतील झोपडपट्टीवासीयांच्या हकालपट्टीविषयी आहे. त्याच वर्षी, १० जुलै १९८५ रोजी, ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. तथापि पदपथावरील वस्ती हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही याच निकालाने कायम ठेवला. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कारवाई थांबवण्यास सांगितले. निकालपत्रात हक्क विस्तारतो, तर पडद्यावर घर पाडले जाते. ही विसंगती कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा विद्यार्थ्यास अधिक विचारप्रवृत्त करते.

याच माहितीपटात घर गमावलेली एक स्त्री दिग्दर्शकालाच फटकारते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव मिळवाल, आमच्या पदरात काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. दिग्दर्शकाने हा प्रसंग वगळला नाही. साधनाच्या निर्मात्याचा हेतू, त्याचे स्थान आणि त्याची मर्यादा यांविषयी साधनचिकित्सेत जे शिकवले जाते, ते येथे त्या स्त्रीच्याच तोंडून ऐकावयास मिळते.

'हमारा शहर'मध्ये शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले आणि चारच दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू झालेले 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाचे काम चौदा वर्षे चालले व तो २०११ मध्ये पूर्ण झाला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा होता. त्याच्या पुष्ट्यर्थ पुढे आलेल्या चित्रफितीची तपासणी या माहितीपटात केली आहे. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्यास दोषी धरले. पोलिसांची बाजू, आयोगाचा निष्कर्ष, तत्कालीन वृत्तपत्रे, शाहिरांची गाणी आणि माहितीपट ही पाच प्रकारची साधने एका घटनेभोवती उपलब्ध असताना पदव्युत्तर वर्गास याहून चांगला प्रकल्प क्वचितच देता येईल.

यासाठी मोठ्या महोत्सवाची आवश्यकता नाही. दोन दिवसांत तीन माहितीपट, प्रत्येकापूर्वी कालपटाची अर्ध्या तासाची ओळख आणि नंतर मूळ कागदपत्रांसह चर्चा, एवढी रचना पुरेशी आहे. चित्रपटांची निवड विद्यार्थ्यांच्या समितीने करावी आणि निवडीची व वगळण्याची कारणे लेखी नोंदवावीत. तो कागद हेच त्यांचे पहिले दप्तर ठरेल.

मर्यादा

या माध्यमाच्या मर्यादाही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दृश्याचा प्रभाव तात्काळ असतो. त्यामुळे कारणमीमांसेची जागा हळहळ घेण्याचा संभव असतो. संकलनात काळाचा क्रम बदललेला असू शकतो, आणि निवेदकाचा स्वर निष्कर्ष आधीच सुचवतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना केवळ 'पीडित' म्हणून पाहण्याची सवयही लागू शकते. शिवाय वर्गात त्याच समाजगटातील विद्यार्थी बसलेले असतात. त्यांच्यासाठी पडद्यावरील घटना हा अभ्यासविषय नसून घरातील आठवण असू शकते. त्यांच्यावर बोलण्याची सक्ती होणार नाही आणि ते बोलले तर त्यांचे म्हणणे पुरावा म्हणून गांभीर्याने ऐकले जाईल, याची जबाबदारी अध्यापकावर येते.

समारोप

अब्बास यांच्या लघुपटापासून 'विकल्प'पर्यंतचा इतिहास पाहता, भारतात माहितीपट दाखवण्याचा हक्क हा स्वतःच एक मिळवावा लागलेला मानवी हक्क आहे, असे म्हणता येईल. जाणून घेण्याचा हक्क पाठ्यपुस्तकात वाचलेला विद्यार्थी आणि एखादा चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोणाला किती वर्षे न्यायालयात जावे लागले हे समजून तो पाहणारा विद्यार्थी, यांच्या शिक्षणात मूलभूत अंतर आहे. फिल्म्स डिव्हिजनचे कार्य २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे वर्ग झाले. अनेक स्वतंत्र माहितीपट आता दिग्दर्शकांच्या स्वतःच्या प्रयत्नांनी उपलब्ध आहेत. साधने हाताशी आहेत. ती केवळ दाखवायची की त्यांच्यासोबत प्रश्न विचारण्यासही विद्यार्थ्यास शिकवायचे, हा निर्णय महाविद्यालयीन अध्यापकांच्या हाती आहे.