मूत्रपिंडाची साक्ष



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया आणि तह उभे राहतात. परंतु औषधाच्या बाटलीलाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा लढायांइतकाच रक्तरंजित असतो. आज मी सांगणार आहे तो इतिहास फार दूरचा नाही. आपल्या उल्हासनगरहून लोकलने तास-सव्वा तासाच्या अंतरावर तो घडला. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ माणसे दगावली. ज्या रोगावर उपचार घेण्यासाठी ती आली होती, त्या रोगाने ती गेली नाहीत. दिलेल्या औषधाने गेली.

जे. जे. हे १८४५ साली स्थापन झालेले रुग्णालय. ज्याला अन्यत्र परवडत नाही अशा माणसाचा ते पिढ्यान्‌पिढ्या आधार. १९८६ साली तेथे काही रुग्णांना ग्लिसरीन पाजले जात होते. थंडीत हातपाय उलले की आपण घरोघर लावतो, तेच हे ग्लिसरीन. पाणी ओढून घेणे हा त्याचा धर्म. मेंदूला सूज आली की कवटीच्या बंद पेटीत तिला पसरायला जागा राहत नाही. अशा वेळी पोटातून दिलेले ग्लिसरीन रक्तात मिसळते आणि सुजलेल्या भागातील पाणी रक्तात ओढून आणते. डोळ्यातील दाब वाढला तरी हाच उपाय चालतो. उपाय जुना आणि डॉक्टरांच्या परिचयाचा होता. मग घात कोठे झाला?

घात झाला तो पिंपात. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेली मंडळी या सभेत बसली असतील. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा एक द्रव आहे. मोटारीच्या इंजिनातले पाणी गोठू नये म्हणून, ब्रेकच्या तेलात, अशा नाना कामी तो लागतो. रंग नाही, वास जवळजवळ नाही, घट्टपणा ग्लिसरीनसारखा, आणि चवीला गोड! डोळा, नाक आणि जीभ ही आपली तिन्ही इंद्रिये येथे फसतात. जे. जे. मधील ग्लिसरीनमध्ये हा द्रव मिसळलेला होता.

तो पोटात गेल्यावर काय होते? आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला उपयोगी भाग गाळणीला जोडलेल्या नलिका परत शोषून घेतात, आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर पडते. आता या द्रवाचे यकृतात रूपांतर होऊन त्यापासून आम्ले बनतात. त्यांपैकी एक आम्ल नेमके या नलिकांच्या पेशींत साठते आणि त्यांना मारते. आरंभी ओकाऱ्या व पोटदुखी. मग एक-दोन दिवसांत मूत्र कमी होत जाते आणि थांबते. पुढे कित्येकांच्या मज्जातंतूंवरही परिणाम होतो.

ही खूण ध्यानात घेण्यासारखी आहे. एकाला मेंदूचा विकार, दुसऱ्याला डोळ्याचा. वय निराळे, घर निराळे. आणि तरीही सर्वांचे मूत्र थांबते! ज्याचा मूत्रपिंडाशी काडीचा संबंध नाही अशा रोग्याचे मूत्रपिंड बंद पडले, तर वैद्याने रोग सोडून औषधाकडे पाहावे, हा या प्रकरणाने शिकवलेला पहिला धडा. रुग्णशय्येजवळचे संशोधन म्हणतात ते येथूनच सुरू होते. त्याला मोठी यंत्रे नंतर लागतात. आधी लागते ती दहा खाटांवरचे दहा कागद एकत्र मांडून पाहणारी नजर.

पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालाने खरेदी, तपासणी, परवाने आणि देखरेख या प्रत्येक पायरीवरचा ढिसाळपणा आणि लोभ चव्हाट्यावर आणला, आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८ साली ब्रिटनच्या वैद्यक नियतकालिकात ही हकीकत लिहिली, आणि जे. जे. चे नाव जगाच्या वैद्यकीय इतिहासात या दुःखद कारणाने नोंदले गेले.

कोणी म्हणेल, हे विष कोणाला माहीतच नसेल. दुर्दैवाने तसे नव्हते. १९३७ साली अमेरिकेत एका कारखान्याने सल्फानिलामाइड हे औषध याच द्रवात विरघळवून, वर रासबेरीचा स्वाद घालून बाजारात आणले. रंग, वास, चव पाहिली. विषारीपणा मात्र तपासला नाही. १०५ माणसे मेली, त्यांत ३४ बालके होती. टल्सा गावच्या डॉक्टरांनी हाक दिली म्हणून उरलेल्या बाटल्या गोळा झाल्या. त्या वेळच्या कायद्यात विषारी औषध विकणे हा गुन्हाच नव्हता. कंपनीवर खटला झाला तो ‘एलिक्झर’ म्हणवूनही औषधात मद्यार्क नव्हता म्हणून! १९३८ साली तेथे नवा कायदा झाला, आणि आपल्याकडेही १९४० साली औषधांचा कायदा आला. म्हणजे जे. जे. च्या वेळी हे ज्ञान ४९ वर्षांचे आणि आपला कायदा ४६ वर्षांचा होता. उणीव होती ती पिंप उघडून परीक्षा करण्याची.

‘मूत्रपिंड बिघडले तर डायलिसिस आहेच की’, असे आता सर्रास म्हटले जाते. डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंजऱ्यावर गुंडाळून हे यंत्र चालवले. त्या एका शोधाने असंख्य माणसे जगली. विष अंगात भिनण्याआधी रोगी हाती लागला तर डायलिसिस ते विष रक्तातून काढूही शकते. परंतु मेलेल्या नलिका ते जिवंत करू शकत नाही. शिवाय खुद्द त्या यंत्रालाही शुद्धतेचा पहारा लागतो. चार तासांच्या एका बैठकीत रोग्याच्या रक्ताजवळून शंभराहून अधिक लिटर पाणी वाहते. मध्ये पातळ पडदा तेवढा. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर, इंग्लंडमधील न्यूकॅसल अशा ठिकाणी डायलिसिसच्या काही रोग्यांची वाचा अडखळू लागली, स्मृती गेली, हाडे ठिसूळ झाली. शोध घेता अपराधी निघाले ते अॅल्युमिनियम. काही औषधांतले आणि पाण्यातले. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो ना? त्या तुरटीतलेच! पिणाऱ्याचे निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते. ज्याचे मूत्रपिंडच गेले त्याच्या अंगात ते साठत जाते. तेव्हापासून डायलिसिसचे पाणी विशेष रीतीने शुद्ध करून तपासले जाऊ लागले.

दोन्ही कथांचे तात्पर्य एकच. बाहेरची परीक्षा चुकली, की ती परीक्षा मूत्रपिंडाला द्यावी लागते; आणि मूत्रपिंडाची साक्ष खरी असली तरी ती फार उशिरा येते.

हा इतिहास १९८६ ला संपला असता तर मी आपला वेळ घेतला नसता. १९९० ते १९९२ या काळात ढाक्यात, कारण न सापडता मूत्रपिंडे बंद पडलेल्या ३३९ मुलांची नोंद झाली. त्यांतली २३६ दगावली. तेथील डॉक्टरांनी कारण सापडलेली आणि न सापडलेली मुले वेगळी काढून त्यांच्या औषधांची तुलना केली, तेव्हा तापाच्या गोड औषधात हेच विष सापडले. १९९८ साली दिल्लीजवळ गुडगावात ३३ बालके गेली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबियात सुमारे ७० मुले गेली, आणि त्यांना दिलेली खोकल्याची औषधे भारतात तयार झाली होती. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची मुले उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली गेली. वीसाहून अधिक मुले वाचली नाहीत, आणि त्यांच्या खोकल्याच्या औषधात पुन्हा हेच डायएथिलीन ग्लायकॉल निघाले.

तेव्हा आपण काय करावे? तान्ह्या मुलाला साध्या सर्दीसाठी दुकानातून परस्पर गोड औषध आणू नये. औषध दिल्यावर मूल ओकू लागले आणि लघवी कमी झाली, तर रात्र न दवडता रुग्णालय गाठावे आणि ती बाटली फेकून न देता बरोबर न्यावी. तिच्यावरच्या तुकडीच्या क्रमांकाने दुसरी दहा मुले वाचू शकतात. आणि जे बंधू कारखान्यांत, गोदामांत, पिंपांवर चिठ्ठ्या डकवण्याच्या कामावर आहेत, त्यांना माझे विशेष सांगणे आहे. ज्या पिंपातले आपण तपासलेले नाही, त्यावर शुद्धतेची चिठ्ठी लावणे ही खोटी साक्ष आहे. तिची उलटतपासणी न्यायालयात वर्षानुवर्षांनी होईल; एखाद्या अजाण बालकाच्या शरीरात मात्र ती दोन दिवसांत पुरी होते.