काढता पाय आणि वाढता शत्रू

पार्टी घेऊन खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये लढाई सोडून पळण्याचा नियम संगणकावरच्या अशा गेमच्याही आधीचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ १९७४ मध्ये आला आणि त्याच्या पहिल्याच पुस्तिकांत पाठलागाचे नियम होते. मागे लागलेल्या प्राण्यापुढे खाद्य टाकले तर तो थांबण्याची शक्यता असे. प्राणी जितका निर्बुद्ध, तितकी ती जास्त. बुद्धिमान शत्रू खाद्याला क्वचितच भुले, त्याच्यापुढे खजिना टाकावा लागे. अनुभवाचे गुण मारलेल्या शत्रूंपेक्षा बाहेर आणलेल्या सोन्यावर जास्त मिळत, त्यामुळे न लढता सोने घेऊन निसटणारी पार्टीच शहाणी ठरे. धोक्याचा अंदाज जागेवरून येई: भुयाराचा मजला जितका खोल, तितके शत्रू भारी. किती खोल उतरायचे हे खेळणाऱ्यांच्या हातात होते, म्हणूनच परत फिरण्यालाही अर्थ होता.

हाच हिशेब १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ने अ‍ॅपल टू संगणकावर आणला. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या या गेममध्ये सहा जणांची पार्टी दहा मजली चक्रव्यूहात उतरे. सगळे मेले तर प्रेते तिथेच पडून राहत आणि तशी नोंद फ्लॉपीवर होई. मग नवी पार्टी उभी करायची, तिला त्या मजल्यापर्यंत पोचण्याइतकी तयार करायची आणि जुन्यांना उचलून आणायचे. दोन जण जायबंदी होताच जिन्याकडे वळणे, हे इथले खरे कौशल्य होते.

‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये (१९८८) माघार डोळ्यांना दिसू लागली. लढाई चौकटींच्या पटावर चाले आणि पटाच्या कडेबाहेर पाऊल टाकणारा सुटे, पण शत्रूपेक्षा वेग कमी असला तर नाही. अंगभर चिलखत घातलेला योद्धा मागे सापडे, हलक्या वेशातला चोर निसटे. शत्रूचाही धीर खचे. मग तोही पळे किंवा शरण येई. एकाच पार्टीत माघार सगळ्यांना सारखी परवडत नाही, ही गोष्ट इतक्या साधेपणाने फार थोड्या गेमनी दाखवली आहे.

जपानी गेमनी हा सारा खटाटोप बटणांवर आणला. ‘फायनल फँटसी ४’मध्ये (१९९१) एल आणि आर ही बटणे दाबून धरली की पार्टी पळू लागे, पळताना कधीकधी पैसे सांडत. १९७४ मध्ये खजिना मुद्दाम टाकला जाई, इथे तो दंड म्हणून कापला जाऊ लागला.

माघारीची गरजच कमी करणारी आणखी एक कल्पना म्हणजे खेळाडूबरोबर शत्रूचीही लेव्हल वाढवायची. या पद्धतीला लेव्हल स्केलिंग म्हणतात. त्यामागचा हेतू चांगला होता: खेळाडू कोणत्याही क्रमाने कुठेही गेला तरी लढत फार सोपी किंवा अशक्य होऊ नये. ‘फायनल फँटसी ८’मध्ये (१९९९) बहुतेक शत्रू पार्टीच्या सरासरी लेव्हलनुसार ठरत. ताकद मात्र मुख्यतः पात्रांना जोडलेल्या जादूतून येई. लेव्हल वाढू न देणेच फायद्याचे, हे चाणाक्ष खेळाडूंनी ओळखले. ते शत्रूला मारण्याऐवजी ‘कार्ड’ या आज्ञेने त्याचा पत्ता करून टाकत, कारण त्यात अनुभवाचे गुण मिळतच नसत. पूर्वी खेळाडू मरणापासून पळत, आता ते मोठे होण्यापासून पळू लागले.

‘ऑब्लिव्हियन’ (२००६) हा गेम एकट्या नायकाचा, पण स्केलिंगवरची सगळ्यात कडाडून टीका त्याच्याच वाट्याला आली: रस्त्यावरचे भुरटे लुटारूही पुढे दुर्मिळ काचेच्या चिलखतात दिसू लागत. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ने (२००९) प्रत्येक प्रदेशाला किमान आणि कमाल लेव्हल देऊन मधला मार्ग काढला. तरीही मूळ अडचण राहतेच. सगळीकडे शत्रू आपल्याच मापाचा भेटला तर ‘इथे इतक्या लवकर यायला नको होते’ हे उमगण्याची वेळच येत नाही आणि काढता पाय घेण्याची अक्कल वाया जाते.

‘डार्केस्ट डन्जन’ने (२०१६) माघारीला तिची किंमत परत दिली. मोहीम अर्धवट सोडता येते, पण परतणाऱ्या प्रत्येकाचा ताण वाढतो. लढाईतून पळण्याचा प्रयत्न फसूही शकतो. शत्रूला फुगवण्याऐवजी इथे अनुभवी वीरच सोप्या मोहिमेवर जायला नकार देतात. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) शत्रूंची लेव्हल पुन्हा जागेशी बांधलेली आहे. शत्रूपासून पुरेसा दूर गेलेला एकेक जण तळावर पळू शकतो आणि मागे राहिलेले मेले तर विदर्स या पात्राला प्रत्येकी २०० सुवर्णनाणी देऊन त्यांना उठवता येते. ‘विझर्ड्री’त त्यासाठी नवी पार्टी बांधून पुन्हा चक्रव्यूहात उतरावे लागे.