घाटीच्या आवाराबाहेरचे तास

भारतात व्यवसायोपचाराचे (ऑक्युपेशनल थेरपीचे) रीतसर शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन बाईंमुळे. दोनच वर्षांनी व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. पाया लवकर पडला, पण पडला महानगरात. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. लोक त्याला आजही ‘घाटी’च म्हणतात.

महासंघाचे किमान निकष विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष कामाचे १००० तास मागतात. माझे म्हणणे, यातले बरेच तास घाटीसारख्या रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर जावेत. पक्षाघातानंतर वॉर्डात खुंट्या उचलणारा हात बरा दिसतो. घरी उकिडवे बसून भाकरी थापताना तोच हात अडतो. हिमरू कापड विणणाऱ्याला तर खड्ड्यातल्या मागावर पाय आणि धोटा यांचा मेळ साधावा लागतो. यावर आक्षेप असा की खेड्यात साधने नाहीत, देखरेखही नाही, शिकाऊ विद्यार्थ्याच्या हातून रुग्णाचेच नुकसान व्हायचे. देखरेखीपुरता तो खरा आहे, म्हणून सुरुवात रुग्णालयातच हवी. पण साधनांचा मुद्दा तितका पटत नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले, तेव्हा कुष्ठरुग्णांच्या हाती यंत्रे नव्हती, शेतीची अवजारे होती. आमटे व्यवसायोपचारतज्ज्ञ नव्हते, वकील होते; तरी रुग्णाला त्याच्या कामातूनच उभे करायचे, हे त्यांनी करून दाखवले.