आजोबांचे दोन बिघे

आमचे आजोबा अंतर कधी मैलांत सांगत नसत. मग किलोमीटरची गोष्टच नको. बाजाराचे गाव दोन कोसांवर, शेजारची वस्ती हाकेवर आणि आम्ही पोरे उशिरा उठलो की, "दिवस कासराभर वर आला की रं!" बैलाच्या कासऱ्याने सूर्य मोजणाऱ्या या माणसाला मी एकदा शाळकरी ऐटीत विचारले, "आजोबा, नदीकाठची आपली जमीन किती?"

"दोन बिघे."

मी हसलो. म्हणालो, "बिघा आमच्या पुस्तकात नाही. एकर आहे, हेक्टर आहे."

आजोबा एवढेच बोलले, "तुझ्या पुस्तकात नसंल. रानात व्हता."

त्यांनी 'व्हता' म्हटले, 'हाय' म्हटले नाही, हे मला तेव्हा उमगले नाही. आमचे गाव करमाळा तालुक्यातले, भीमेच्या काठचे. उजनी धरणाचे काम १९६९ साली सुरू झाले आणि १९८० साली पुरे झाले. काठची काळी जमीन पाण्याखाली गेली, तिच्याबरोबर आमचीही गेली.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत जुन्या ट्रंकेतून एक पिवळा पडलेला उतारा निघाला. त्यावर क्षेत्र होते १ एकर १७ गुंठे. माझ्या मनात आले, मग आजोबांच्या दोन बिघ्यांचे काय? म्हातारा फुशारकी मारीत होता की काय? फराळाचे ताट बाजूला सारून मी हिशेबाला बसलो.

शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी केली, ती काठीने. काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद अशा चौकोनाचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. आता हात १८ इंचांचा धरला, तर पाच हातांचे ९० इंच होतात. पाच मुठींचे सुमारे १६ इंच. म्हणजे काठी झाली ८ फूट १० इंचांची आणि बिघ्याची बाजू सुमारे १७७ फुटांची.

पुढे इंग्रजी अमलात ३३ फुटांची साखळी आली. तिचे सोळा भाग, प्रत्येकाला नाव आणा. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. या मापाने बिघा भरतो २८ गुंठ्यांहून थोडा अधिक, आणि दोन बिघे भरतात ५७ गुंठे. म्हणजेच १ एकर १७ गुंठे!

काठी गावोगाव थोडी कमीजास्त असे. तेव्हा हा मेळ तंतोतंत मानू नये. पण आजोबा खोटे बोलत नव्हते, एवढे नक्की.

गंमत अशी, की भीमेच्या पलीकडच्या काठावरच मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पाया घातला गेला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास इंदापुरात जमिनी मोजून सारा ठरवला. मोजणीला कष्ट फार पडले, पण सारा रयतेला पेलेना. लोक जमिनी टाकून निघून गेले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये तेथेच नवी व्यवस्था लावली. सारा हलका केला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. इंदापुरातली ही घडी मग इतर जिल्ह्यांत पसरली. जमीन बरोबर मोजली म्हणजे न्याय झाला असे नाही, हे त्या तालुक्याने आधीच शिकवून ठेवले होते.

आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. आमचे दोन बिघे तिथे ५७.७ आर झाले असते. पण पारावर आजही माणसे एकर-गुंठ्यांतच बोलतात. आणि धरणाचे पाणी? ते टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. एक टीएमसी म्हणजे सुमारे तेवीस हजार एकरांवर फूटभर पाणी. या पाण्याने सोलापूर जिल्ह्यात ऊस उभा केला, हे खरेच. पण त्याच्या तळाशी कोणाचे किती बिघे आहेत, हे टीएमसी सांगत नाही.

उन्हाळ्यात पाणी ओसरते, पलीकडे पळसदेवच्या मंदिराचे शिखर वर येते आणि आमच्याकडची माणसे उघड्या पडलेल्या गाळावर आपले बांध शोधत हिंडतात.

परवा पाडव्याला नातीला काठावर नेले. पाणी तुडुंब होते. तिने विचारले, "आजोबा, आपली जमीन किती होती?"

"दोन बिघे."

"बिघा म्हणजे?"

मी हात लांब केला, कोपरापासून बोटांपर्यंत तिला दाखवला आणि म्हणालो, "हा एक हात. असे पाच मोज. आता मूठ आवळ..."