गाडीचं अ‍ॅव्हरेज अचानक का घटतं? कारण शोधायचं कसं?

कालपर्यंत लिटरला १८ किलोमीटर जाणारी कार एकाएकी १३ वर आली, की संशय सहसा दोघांवर जातो: पेट्रोल पंपावर आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलवर. पण १८ वरून १३ म्हणजे सुमारे २८ टक्के घट. एवढी मोठी घट या दोन्हींमुळे क्वचितच होते. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला यामुळे साधारण २१ लिटर पेट्रोल जास्त लागतं. लिटरला १०५ रुपये धरले, तर हा खर्च सव्वादोन हजारांच्या घरात जातो. शिवाय चाकाला चिकटलेला ब्रेक किंवा नीट न पेटणारा सिलिंडर यांसारख्या धोकादायक बिघाडांची पहिली खूण कधी कधी अ‍ॅव्हरेजमध्येच दिसते.

कारण शोधताना दोन प्रश्न उपयोगी पडतात. घट नेमकी किती टक्के आहे? आणि ती हळूहळू झाली की एकदम?

आधी मोजमाप खरं करा

‘पाचशेचं टाका’ म्हणून पेट्रोल भरायचं आणि काट्याकडे पाहून अंदाज बांधायचा, यातून अ‍ॅव्हरेज कळत नाही. योग्य पद्धत टाकी फुल करण्याची आहे. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबायचं आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. टाकी बरीच रिकामी झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल करायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर, हे अ‍ॅव्हरेज.

नोझल थोडं आधी किंवा नंतर बंद झालं, तर दोन लिटरचा फरक पडू शकतो. १० लिटर भरले असतील तर ही चूक २० टक्क्यांची ठरते, ३० लिटर भरले असतील तर जेमतेम ७ टक्क्यांची. म्हणून सलग तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून हिशोब करावा. तुलना गाडीच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशीच करावी. कंपनीने जाहीर केलेला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो.

गाडी बिघडली की रस्ता बदलला?

नाशिकच्या पंचवटीचं उदाहरण घेता येईल. मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, रामकुंड, दिंडोरी रोडवरचं मार्केट यार्ड ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून जवळ आहेत. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरेसं गरमही होत नाही, आणि थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं. त्यात बुधवारच्या बाजाराची किंवा सणावारी भाविकांची गर्दी असेल, तर गाडी उभ्या उभ्या पेट्रोल जाळते. त्या वेळी अ‍ॅव्हरेज शून्य असतं. मुलांची शाळा किंवा कामाची जागा बदलली आणि लांबचा प्रवास अशा छोट्या फेऱ्यांवर आला, तर गाडीत काहीही न बिघडता आकडा बराच खाली येतो.

घाटाचाही हिशोब धरावा लागतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. मुंबईहून कसारा घाट चढून येताना १,२०० किलो वजनाची गाडी एवढी वर आणायला, सपाट रस्त्याच्या तुलनेत, साधारण एक लिटर पेट्रोल जास्त लागतं. त्यामुळे फक्त येतानाचं किंवा फक्त जातानाचं अ‍ॅव्हरेज फसवं असतं. चाचणीसाठी पंचवटीतून आग्रा रोडने पिंपळगाव बसवंतपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत येणं चांगलं. चढ-उतार बरेचसे एकमेकांना फेडतात. वेग सारखा ठेवून अशा फेरीत जुना आकडा मिळाला, तर दोष गाडीचा नाही.

इथेनॉल आणि पंप यांचा वाटा किती?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या कारचं अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाडीत ही घट १ ते २ टक्के असते. म्हणजे १८ चे १७ होणं इथेनॉलमुळे शक्य आहे, १३ होणं नाही.

पंपावर मापाचा संशय असेल, तर ग्राहक पाच लिटरच्या प्रमाणित मापातून तपासणी मागू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. २८ टक्के घट केवळ मापातल्या चोरीमुळे असेल, तर त्या मापात जवळपास दीड लिटर कमी दिसायला हवं.

घरच्या घरी काय तपासता येतं?

टायर: चारही टायरमध्ये हवा १० पीएसआयने कमी असली, तरी अ‍ॅव्हरेज साधारण २ टक्के घटतं. हवा तपासणं स्वस्त आणि सुरक्षेसाठी गरजेचं आहे, पण मोठ्या घटीचं हे एकमेव कारण नसतं. मोठ्या घेराचे टायर बसवले असतील, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज घटल्यासारखं वाटतं.

ब्रेक: १५-२० मिनिटं जोरात ब्रेक न लावता गाडी चालवून थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा. चाकाला स्पर्श करू नये. एकच चाक इतरांपेक्षा खूप गरम असेल किंवा जळका वास येत असेल, तर ब्रेक चिकटला आहे. अशी गाडी पुढे चालवू नये. ब्रेक ऑइल उकळलं तर ब्रेक लागेनासे होतात. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून त्याचा अंदाज घेतात. अशा पुरात घाटाजवळ उभी राहिलेली गाडी नंतर सुरू झाली, तरी ब्रेक आणि बेअरिंग उघडून तपासलेच पाहिजेत.

वास: बंद गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर गळतीची शक्यता आहे. गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवावं.

तापमान: हायवेवर काटा नेहमीच्या जागेपेक्षा खाली राहत असेल किंवा थंड इंजिनाचा निळा दिवा बराच वेळ विझत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. इंजिन थंड आहे असं समजून संगणक जास्त इंधन सोडत राहतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ही खूण लवकर दिसते.

क्लच: चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, याचा अर्थ क्लच घसरतो आहे.

इंजिनाचा दिवा लागला असेल तर

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागला की संगणकाने बिघाडाचा कोड नोंदवलेला असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून तो वाचता येतो. पी०१२८ थर्मोस्टॅटकडे बोट दाखवतो, पी०१७२ इंधन जास्त जात असल्याचं सांगतो, पी०३०० मिसफायर दाखवतो. दिवा लुकलुकत असेल तर दिरंगाई नको. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि काही हजारांच्या प्लग-कॉइलच्या कामाऐवजी तो महागडा भाग बदलावा लागतो.

कोड फक्त लक्षण सांगतो. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच खराब असेल असं नाही. सायलेन्सरच्या पाइपला चीर असली तरी तोच कोड येऊ शकतो.

एअर फिल्टरबद्दल मोठा गैरसमज आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत आढळलं, की इंजेक्शन असलेल्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरने पिकअप कमी होतो, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. ‘फिल्टर बदला, अ‍ॅव्हरेज येईल’ हे खरं तर कार्बुरेटरच्या काळातलं शहाणपण आहे.

डिझेल आणि सीएनजी

बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करण्यासाठी इंजिन मधूनमधून जादा डिझेल जाळतं. सतत छोट्या फेऱ्या झाल्या तर ही सफाई अर्धवट राहते आणि वारंवार सुरू होते. अधूनमधून हायवेवर सलग अर्धा तास गाडी चालवली, तर ती पूर्ण होते. डिझेल गाडी काळा धूर सोडत असेल, तर इंजेक्टर तपासावेत. याच नाशिकच्या सातपूरमध्ये बॉशचा कारखाना डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनवतो.

सीएनजीचा हिशोब किलोने होतो, लिटरने नाही. अनेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. त्यामुळे दोन्ही इंधनांची नोंद वेगळी ठेवावी.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

‘अ‍ॅव्हरेज कमी झालंय, बघा’ एवढंच सांगितलं, तर प्लग, फिल्टर, ऑइल बदलून बिल हातात येतं आणि आकडा तिथेच राहतो. त्याऐवजी तीन टाक्यांची नोंद, घट सुरू झाल्याचा सुमार आणि त्याआधी काय बदललं ते सांगावं: सर्व्हिसिंग, नवे टायर, कॅरिअर, बॅटरी, पुराचं पाणी. सर्व्हिसिंगनंतर लगेच घट झाली असेल, तर तिथे हात लागलेल्या भागांपासून सुरुवात करावी. भाग बदलण्याआधी तो खराब असल्याचा पुरावा मागावा, एका वेळी एकच भाग बदलावा आणि पुन्हा एक टाकी मोजून पाहावी.